खिडकीतली बाटली

३ फेब्रुवारी, सोमवार. मानवत

आलो बुवा एकदाचा. सकाळी साडेसातच्या एसटीनं वालूर सोडलं, सेलूला गाडी बदलली आणि अकराच्या आत मानवत. वाटेनं दोन्ही अंगांना हरभरा घाट्यांनी लगडलेला, ज्वारीची कणसं ऊन खात उभी. चौऱ्याहत्तराव्या वर्षी नव्या नोकरीवर रुजू व्हायला निघालेला म्हातारा खिडकीशी बसून पोरासारखा बाहेर बघतोय, हे पाहून कंडक्टर हसला. मीही हसलो.

स्टँडवर मुकुल स्कूटर घेऊन उभा. सातवीत माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायचा, आता कानशिलं पांढरी झालीत. भर स्टँडात, भज्यांच्या गाड्यासमोर वाकून पाया पडला. माझी बायको सुमंगला गेली त्या दिवशीही हाच परभणीहून गाडी घेऊन धावत आला होता आणि पोटच्या पोरासारखा शेवटपर्यंत उभा राहिला होता. आम्हाला मूलबाळ नाही. तेव्हापासून त्याला नाही म्हणणं मला जमत नाही.

त्याची प्रयोगशाळा एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात आहे. खाली प्रयोगशाळा, वर माझी खोली. भिंतींच्या फटींत अजून सरकीचा वास आहे. मुकुलनं पाणी शुद्ध करणारं यंत्र बनवलंय. पारदर्शक टाकी आणि तिच्या तळाशी जांभळ्या एलईडी दिव्यांची बांगडी. त्या उजेडानं पाण्यातले जंतू मरतात. अठ्ठावीस तारखेला पाणीपुरवठा खात्याची समिती येणार आहे. तिला सगळं पटलं तर एक्केचाळीस गावांच्या शाळांत हे यंत्र बसेल. माझं काम सोपं. इथले लोक घाईघाईत कच्च्या वहीत आकडे टिपतात, ते मी पक्क्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायचे. मुकुल म्हणाला, गुरुजी, समितीनं वही उघडली की तुमच्या अक्षरावरच विश्वास बसला पाहिजे.

चौतीस वर्षं फळ्यावर घासलेलं अक्षर अजून कुणाला तरी हवंय. आज झोप छान लागेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज योगिनीनं सगळं समजावून सांगितलं. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, पांढऱ्या डगल्यातली गंभीर मुलगी. मला सर म्हणते. मी मराठीचा मास्तर, पण तिनं कंटाळा न करता शिकवलं.

काचेच्या भांड्यात स्वच्छ पाणी घ्यायचं, त्यात मोजून जंतू सोडायचे. वर दिव्यांची बांगडी धरायची. दहा सेकंद, वीस सेकंद, चाळीस सेकंद. मग ते पाणी बाटलीत भरून बाटली काळ्या कागदात गुंडाळायची आणि कपाटात अंधारात ठेवायची. त्यातले दोन-चार थेंब जंतूंच्या खाण्याची खळ लावलेल्या बशीवर पसरून उबेच्या पेटीत टाकायचे. दुसऱ्या दिवशी बशीवर जितके ठिपके उगवतील तितके जंतू वाचले. एकही ठिपका नाही, तर शून्य.

जंतूंना मारणारा खरा उजेड डोळ्यांना दिसतच नाही म्हणे. आपल्याला दिसते ती त्याची जांभळी झाक. हे ऐकून मला शनिवारची सकाळची शाळा आठवली. पोरं डोलत डोलत कविता म्हणायची आणि कवडशांत खडूची धूळ तरंगायची. दुपारी दोन ओळी सुचल्या:

ये जांभळ्या उजेडा, पाण्यामध्ये उतर,
जाग्या जिवांवरती तू निजेची शाल पसर.

योगिनीला वाचून दाखवल्या. ती हसली नाही. म्हणाली, सर, निजेची नका म्हणू.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी फाटकाशी एक माणूस आला. चाळिशीचा, डोक्याला गमछा. पांढरा प्लास्टिकचा कॅन फाटकाच्या आत ठेवला आणि मोठ्यानं म्हणाला, “तुमचंच पाणी हाय. प्या.” आणि चालता झाला. मुकुलनं कॅन उचलून पाणी रस्त्यावर ओतून दिलं. कोण म्हणून विचारलं तर म्हणाला, सटवाजी नावाचा एक येडा आहे, दर गुरुवारी येतो, लक्ष देऊ नका.

इथं प्यायला बाजारातून जार येतो. यंत्राचं पाणी कुणीच पीत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी एक ते तीन सगळे जेवायला घरी जातात. मग सारं गोदाम माझं. दक्षिणेला मोठी खिडकी आहे, तिच्यातून उन्हाचा पट्टा थेट टेबलावर येतो. आज एक खोडी केली. कपाटातल्या एका बाटलीचा काळा कागद काढला आणि ती खिडकीत ठेवली. नुसतं बघायला. बिचारं पाणी, इतका उजेड पोटात घेऊन अंधारात का बसलंय! बाटलीतून भिंतीवर इंद्रधनूची चिंधी पडली. दोन तास बघत बसलो. मग कागद होता तसा गुंडाळून बाटली परत ठेवली.

मागच्या मोरीवर कुणी बाई भांडी घासत होती. बाटलीत ब्रश फिरल्याचा खसखस आवाज. उठून गेलो तोवर निघून गेलेली. धुतलेल्या बाटल्या मात्र खिडकीच्या कट्ट्यावर ओळीनं उपड्या, चकचकीत. कामाची बाई चोख आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

योगिनीनं आज मला बाजूला घेतलं. शनिवारच्या एका बशीवर शून्य यायला हवं होतं, तिथं ठिपक्यांची गर्दी झाली होती. मोजताच येईना. तिनं विचारलं, सर, बाटली उघड्यावर ठेवली होती का? मी कबूल केलं. वाटलं रागावेल. ती खुर्चीत बसली.

मग सांगितलं ते असं. या उजेडानं जंतू मरतातच असं नाही. त्यांच्या आतला धागा तुटतो, ते निपचित पडतात. अंधारात ठेवले तर तसेच पडून संपतात. पण उन्हात ठेवले तर तो धागा पुन्हा सांधतो आणि ते उठतात. यावर उपाय आहे. दिवे दुप्पट करा, टाकी काळी करा. पण मुकुलनं टाकी पारदर्शक केली, लोकांना जांभळा उजेड दिसला पाहिजे म्हणून. उजेड दिसला की भरवसा बसतो, असं त्याचं म्हणणं. आता टाकी बदलायची तर सगळ्या चाचण्या पहिल्यापासून. वर्ष जाईल, समिती दुसरं यंत्र घेईल.

म्हणजे गावात ही टाकी उन्हात उभी राहणार. मी विचारलं, मग? ती म्हणाली, मग तेच, जे कडूबाईच्या वस्तीवर झालं.

कडूबाई कोण, असं विचारून मी सहज जोडून टाकलं की त्या भांडी घासणाऱ्या बाईच का. योगिनीचा चेहरा पांढरा पडला. भांडी आम्हीच घासतो, म्हणाली. कडूबाईला जाऊन तीन महिने झाले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कच्ची वही पहिल्या पानापासून वाचली. समासात, चौकटीबाहेर, योगिनीच्या बारीक अक्षरात अकरा नोंदी आहेत. पहिली अशी: “खिडकीत चार तास राहिलेली बाटली. ठिपके अगणित. कडूबाईचं म्हणणं खरं.”

बाकीचं योगिनीनं सांगितलं. कडूबाई इथं बाटल्या घासायची. आधीची लेकरं जगेनात म्हणून आईबापांनी तिचं नाव कडू ठेवलं होतं, मरणानं तोंड वाकडं करून निघून जावं म्हणून. साबण हाताशी असताना राखेनं घासायची आणि मुकुलची बोलणी खायची. बाटल्या उन्हात वाळवायची. त्यात राहिलेलं थोडं पाणी दोन दिवसांनी गढूळ होतं, हे पहिल्यांदा तिनं पाहिलं. मुकुलला म्हणाली होती, “साहेब, उन्हात ठेवलं की ते मेलेले पुन्यांदा उठायलेत.” मुकुल हसला होता. म्हणाला होता, मावशी, तुम्ही भांडी घासा, शास्त्र आम्ही बघतो.

नमुन्याचं पहिलं यंत्र तिच्याच वस्तीवर बसलं, कामाचं बक्षीस म्हणून. ऐन उन्हात, समाजमंदिराच्या गच्चीवर. दिवाळीच्या सुमारास वस्तीत हगवण-वांतीची साथ आली. तिची नात अर्पिता गेली. दहा वर्षांची. चौथ्या दिवशी कडूबाई गेली. यंत्र अजून तिथंच आहे. मुकुलनं सगळ्यांना सांगितलं की दोष विहिरीचा.

सटवाजी म्हणजे कडूबाईचा मुलगा. अर्पिताचा बाप.

आजही तो त्या यंत्राच्या पाण्याचा कॅन ठेवून गेला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

मुकुलशी बोललो. ओरडेल वाटलं होतं, पण तो माझ्या पायाशी फरशीवर बसला. म्हणाला, गुरुजी, नियमात बाटली अंधारात ठेवायची असं लिहिलंय. आपण ठेवतो. नियमानं उत्तर शून्यच येतं. खिडकीतली बाटली चाचणीत नाहीच, मग ती पक्क्या वहीत कशाला? मी म्हणालो, शाळेतली लेकरं पितील ते पाणी. तो म्हणाला, एकदा काम मिळू द्या, पुढच्या यंत्राची टाकी काळी करतो. तुमची शपथ. मग त्यानं सुमंगलाचं नाव काढलं. काकू असत्या तर त्यांनी मला असं वाऱ्यावर सोडलं नसतं, म्हणाला.

दुपारभर लिहीत होतो. अकरा नोंदी सोडल्या. सगळीकडे शून्य. गोल, डौलदार, एकसारखी शून्यं. इतकं सुंदर पान मी आयुष्यात लिहिलं नाही.

मोरीवरचा खसखस आवाज आज थांबला होता. कुणीतरी मागं उभं राहून वाचतंय असं सारखं वाटत होतं. ओल्या राखेचा वास.

२० फेब्रुवारी, गुरुवार

भुतं रात्रीची येतात असं लहानपणी ऐकलं होतं. इथं रात्री काही नाही. रात्री मी शांत झोपतो. जे काही आहे ते दुपारचं, लख्ख उन्हातलं.

आज कोऱ्या बशा काढल्या. कोऱ्या म्हणजे ज्यांवर काहीच टाकलेलं नाही, फक्त पडताळ्यासाठी ठेवलेल्या. सहाच्या सहा बशांवर पिवळट बुरशीसारखं उगवलेलं. योगिनीनं त्या टेबलावर एकमेकींना चिकटवून मांडल्या आणि मागं सरकली. सहा बशा मिळून एक पंजा झाला होता. बाईमाणसाचा उजवा हात. करंगळी अर्धी.

कडूबाईची करंगळी कडबा कापताना तुटली होती म्हणे.

योगिनीनं डगला काढून खुंटीला लावला. सेलूला माहेरी जाते म्हणाली. जाताना मला म्हणाली, सर, मी निदान समासात तरी खरं लिहिलं होतं. तुम्ही काय लिहिलंत?

दुपारी मुकुलनं कच्ची वही मागच्या अंगणात जाळली. मी खिडकीतून पाहिलं. वही जळून गेल्यावर ती राख कुणीतरी ओंजळीनं गोळा करून नेली. अंगणात कुणीच नव्हतं. ढीग लहान लहान होत गेला, मी पाहिला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

कपाटातल्या बाटल्या रोज खिडकीत येतात. काळे कागद घडी घालून बाजूला ठेवलेले, नऊवारीच्या घडीसारखे. मी परत गुंडाळतो. जेवून येतो, तर पुन्हा खिडकीत.

मुकुल म्हणतो, वयानं तुम्हाला विसर पडतोय. पण तो आता एकटा प्रयोगशाळेत जात नाही. काल हात धुताना ओरडला. कुणी मनगट धरलं, म्हणाला. मनगटावर राखेचे डाग. चार बोटं पुरी, एक अर्धं.

मी त्याला म्हणालो, अजून चार दिवस आहेत, समितीला खरं सांगू. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला काहीतरी वाईट शिकवत होतो. माझ्या खोलीची किल्ली मागून घेतली आणि म्हणाला, अठ्ठावीसला समितीसमोर तुम्ही बसायचं. अक्षर तुमचं आहे, गुरुजी.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सटवाजी आला. आज मुकुल बाहेर आला नाही. कॅन फाटकातच राहिला.

दोन ओळी लिहायला बसलो. सुचल्या त्या माझ्या नाहीत:

लेक माझी गं तान्हेली, पाणी पिऊन निजली,
ज्यानं पाजलं गं पाणी, त्याची वाट मी पाहिली.

मला ओव्या येत नाहीत. मी कधी लिहिल्या नाहीत.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

जे झालं ते नीट लिहितो.

सकाळी फाटकातला कॅन रिकामा पडलेला. तिथपासून यंत्राच्या टाकीपर्यंत फरशीवर ओल्या पावलांचे ठसे. टाकी काठोकाठ भरलेली, पाणी नितळ. खिडकीतलं ऊन सकाळपासून तिच्यावर. जांभळा दिवा चालू.

मुकुलला सांगायला निघालो होतो. समिती आधी आली.

तिघं जण होते. आपल्याकडं पाहुणा टेकला की आधी पाणी पुढं करायचं. मी जारचं पाणी दिलं. सगळे प्यायले. वही उघडली. मुख्य साहेबांनी पान उलटलं, बोट फिरवलं, म्हणाले, वा, अक्षर आहे की मोत्याचा हार! मी मान खाली घातली. मग ते हसून म्हणाले, “काय हो मुकुलराव, तुमी सोता पिता का नाही हे पाणी? का जारचंच चालतं घरी?” बाकीचे दोघं हसले. मुकुलही हसला. म्हणाला, रोजच पितो की. आणि माझ्याकडं वळून म्हणाला, गुरुजी, एक ग्लास भरा.

तीन शब्द पुरे होते. मुकुल, पिऊ नकोस. चौतीस वर्षं वर्गात बोललो, तीन शब्द निघाले नाहीत.

भीतीनं निघाले नाहीत असं लिहिणार होतो. ते खोटं आहे. तोटी सोडली तेव्हा माझ्या हाताखाली दुसरा हात होता, गार, खरखरीत. तो ग्लास उचलायला मदत करत होता. आणि मला बरं वाटत होतं. वस्तीतल्या लेकरानं हेच पाणी प्यायलं, आता हा पिऊ दे, असं वाटत होतं. ते वाटणं तिचं होतं की माझं, मला सांगता येत नाही.

मुकुल एका दमात प्यायला. रिकामा ग्लास उपडा करून दाखवला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पक्की वही घेऊन गेले. पंधरा तारखेपासून यंत्रं बसवायला सुरुवात.

१ मार्च, शनिवार

मुकुलला पहाटेपासून जुलाब, उलट्या. दुपारी परभणीला हलवलं.

२ मार्च, रविवार

दवाखान्यात गेलो. सलाईन लावलंय, तरी ओठ फुटलेले, डोळे खोल गेलेले. डॉक्टर म्हणाले, कितीही पाणी भरलं तरी अंगात टिकत नाही. टाकीतलं पाणी तपासलं, एकही जंतू निघाला नाही. मी विचारलं, तपासेपर्यंत कुठं ठेवलं होतं? म्हणाले, थंड पेटीत. अंधारात.

मुकुल सारखं म्हणत होता, खिडकी लावा. खाटेमागं खिडकी नव्हती. भिंत होती.

४ मार्च, मंगळवार

मुकुल गेला. दुपारी एक वाजता.

शेवटी मला ओळखलं नाही. कुणाला तरी मावशी म्हणत होता. मावशी, चुकलो. मावशी, पुरे. पाणी पाजणारा कुणी दिसत नव्हता, पण त्याचा घसा हलत होता. घोट, घोट, घोट. मी मोजले नाहीत.

५ मार्च, बुधवार

आता मी राहिलो.

योगिनीनं समासात तरी खरं लिहिलं होतं. तिला काही होणार नाही, हे मला कळतं. मला कोण सोडेल?

समितीला पत्र लिहायला घेतलं. अकरा नोंदी. वही जळाली, पण आकडे, तारखा, तास, सगळं हातातून आपोआप उतरलं. एकही खाडाखोड नाही. खाली लिहिलं: “पक्क्या वहीतली शून्यं मी जाणूनबुजून लिहिली. ते पाणी उन्हात विष होतं. यंत्रं बसवू नका.” आणि सही केली.

मोरीवर कुणीतरी ब्रश ठेवला. पाण्याचा आवाज थांबला. वाटलं, ऐकलं तिनं.

६ मार्च, गुरुवार

सटवाजी कॅन घेऊन आला. मी फाटकापाशी जाऊन त्याच्या हातात पत्र दिलं. आठवीपर्यंत शिकलाय. उभ्या उभ्या सगळं वाचलं.

म्हणाला, “आता सुचलं व्हय गुरुजी? साहेब गेले म्हनून, का तुमची पाळी आली म्हनून?”

मी कॅन उचलून आत घेतला.

मग पत्रावर हात फिरवून म्हणाला, “अक्षर लय देखणं हाय तुमचं. अर्पितालाबी असंच काढायचं व्हतं. पाटी घेऊन बसायची दिसभर.” पत्र घडी करून खिशात ठेवलं. परभणीला जाऊन स्वतः समितीच्या हातात देतो म्हणाला. मी हात जोडले. म्हटलं, आईला सांग, आता मला सोड म्हणावं.

तो पहिल्यांदाच हसला. “आईचं मी काय सांगू शकत न्हाई. ती जित्तेपणीबी माझं ऐकत नव्हती.”

१० मार्च, सोमवार

योगिनीचा फोन. समितीनं पत्र वाचून स्वतः एक बाटली खिडकीत ठेवून पाहिली. बशी भरून उगवलं. एक्केचाळीस गावांचं काम थांबलं. वस्तीवरचं यंत्रही आज काढून नेलं. योगिनी रडत होती. मीही रडलो.

सुटलो. लेकरं वाचली. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो. उद्या सकाळच्या गाडीनं वालूर. माझ्या घरी.

११ मार्च, मंगळवार. वालूर

घराचं कुलूप उघडलं.

महिनाभर बंद घर. धूळ असायला हवी होती. फळीवरची सगळी भांडी घासलेली. पितळ झळाळतंय. राखेचा वास.

मागच्या दारात, उन्हाच्या पट्ट्यात, पाण्यानं भरलेला काचेचा पेला.

माझ्या घरात काचेचा पेला नव्हता.

ओतून दिला. विहिरीवरून नवं पाणी आणलं. उकळलं. तांब्यात भरून कोठीच्या अंधारात ठेवलं. वळून पाहिलं तर तांब्या रिकामा. पेला भरलेला. उन्हात.

१२ मार्च, बुधवार

कालपासून पाणी नाही प्यालो.

शेजारच्या लक्ष्मीबाईंनी ताक दिलं. माझ्या हातात येईतो ते पाणी झालं. नितळ. त्यांना दिसलं नाही. म्हणाल्या, प्या की गुरुजी, किती सुकलात.

कळशी, माठ, बादली, जिथं पाणी ठेवतो तिथं ऊन येतं. कोठीत खिडकी नाही. कोठीतही ऊन आलं.

जीभ टाळूला चिकटली. कविता म्हणून पाहिली मोठ्यानं, भीती जावी म्हणून. दुसरी ओळ आठवेना. चौतीस वर्षं शिकवलेली—

१३ मार्च. दुपार

बाहेर पोरं होळीसाठी गोवऱ्या मागत फिरतायत. ओरडून बोलवावं तर आवाज नाही. घसा वाळलेला—

ती आलीय. पहिल्यांदाच पूर्ण दिसली. नळावर पाळीची वाट बघत बसतात तशी उकिडवी, दाराच्या उन्हात. पदर डोक्यावर. घाई नाही.

मी म्हणालो, मावशी, लेकरं वाचली. पत्र मी लिहिलं. एक्केचाळीस गावं.

ती म्हणाली, “वाचली. लय चांगलं झालं.”

मग म्हणाली, “पर माझी न्हाई ना.”

मी म्हणालो, तुमची नात गेली तेव्हा मी इथं नव्हतो. मला ठाऊकही नव्हतं—

“अन् ठावं झाल्यावर?”

सतरा तारखेला मला सगळं ठाऊक होतं. वस्तीवर यंत्र चालू होतं. लोक पीत होते. तरी मी— अकरा दिवस, आणि पुढंही—

हे तिला सांगितलं. खरं तेवढंच सांगितलं. तिनं मान हलवली. राग नाही चेहऱ्यावर. रागावली असती तर—

उठली.

तहान. इतकी तहान कधी— पाणी किती स्वच्छ आहे. तळ दिसतो—

नाही पिणार. लिहीत राहीन. लिहितोय तोवर हात मोकळे नाहीत. उजव्या हातात पेन. डावा पानावर दाबून ठेवलाय. दोन्ही हात इथं आहेत, मला दिसतायत—

मग पेला ओठाला कुणी

गार आहे. किती गा